यंत्रांची यादी शेवटी जोडा

एखाद्या अनुदान योजनेची जाहिरात निघाली की महाविद्यालयात पहिलं काम सुरू होतं ते याद्या मागवण्याचं. प्राचार्यांची सूचना विभागांत फिरते. रसायनशास्त्र स्पेक्ट्रोफोटोमीटर लिहून देतं, प्राणिशास्त्र पीसीआर यंत्र, भौतिकशास्त्र डिजिटल ऑसिलोस्कोप आणि आयटीवाले संगणकांचा अख्खा ताफा. याद्या एकत्र टाचल्या जातात, बेरीज योजनेच्या कमाल मर्यादेत बसेपर्यंत काटछाट होते, आणि मग कुणातरी चांगलं लिहिणाऱ्या प्राध्यापकाला सांगितलं जातं, की आता यावर एक प्रस्तावना लिहा. उरण-पेणपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर पदवीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थांनी हा क्रम उलटा करावा, असं मला वाटतं. आपले विद्यार्थी तीन-चार वर्षांत स्वतःच्या हाताने काय करायला शिकणार, हे आधी ठरवावं. त्यासाठी किती तास, किती रसायनं, किती फेऱ्या आणि किती माणसं लागतील याचा हिशेब मांडावा. त्या हिशेबातून एखादं यंत्र निघालंच तर त्याचं नाव शेवटच्या पानावर लिहावं.

असं म्हणायला आधार आहे. नताशा होम्स आणि कार्ल वीमन (वीमन हे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी) यांनी अमेरिकेतल्या तीन संस्थांमधले भौतिकशास्त्राचे नऊ प्रारंभिक अभ्यासक्रम तपासले आणि त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये मांडले. वर्गात शिकवलेलं पक्कं व्हावं म्हणून घेतल्या जाणाऱ्या प्रयोगतासिका ज्यांनी केल्या आणि ज्यांनी केल्या नाहीत, अशा विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या कामगिरीत त्या विषयापुरता मोजण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. त्या प्रयोगशाळा आपल्यापेक्षा कितीतरी सुसज्ज होत्या. उणीव होती ती कामाच्या रचनेत: उत्तर आधीच ठाऊक, कृती छापील आणि विद्यार्थ्याने फक्त आकडा जुळवायचा. आपल्याकडच्या जर्नलची रीतही हीच आहे. दुसरा पुरावा २०१४ सालचा. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. विद्यार्थ्यांना वर्गात विचार करायला, चर्चा करायला आणि प्रश्न सोडवायला लावलं तर परीक्षेतले गुण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात आणि नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण दीडपट असतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन्ही अभ्यास मुख्यतः परदेशातले आहेत, हे मान्य. पण त्यातून एवढं नक्की दिसतं, की पैसा कशावर खर्च केला यापेक्षा विद्यार्थ्याच्या तासाचं रूप बदललं की नाही हे पाहावं लागतं. अनुदान देणाऱ्या समितीवरचे तज्ज्ञही हेच शोधत असतात, आणि यंत्रांच्या यादीत त्यांना ते सापडत नाही.

किनाऱ्यावर याला आणखी एक कारण जोडलं जातं, ते म्हणजे खारी हवा. समुद्रालगतच्या इमारतीत धातूचे जोड, सर्किट बोर्ड, भिंगं आणि तराजूंचे नाजूक भाग लवकर खराब होतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंगांवर बुरशी धरते. वीज खेळखंडोबा करते ते वेगळंच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली छपरं उडवली, तेव्हा खाली काय काय भिजलं असेल याचा विचार प्रत्येक विभागप्रमुखाने आपापल्या डेडस्टॉक रजिस्टरकडे पाहून करावा. म्हणून यंत्र मागायचंच असेल, तर त्याच्यासोबत स्टॅबिलायझर, हवेतली आर्द्रता कमी करणारं उपकरण, वार्षिक देखभालीचा करार आणि ते चालवायला शिकलेला प्रयोगशाळा सहाय्यक या चार गोष्टी त्याच ओळीत आल्या पाहिजेत. त्या येत नसतील, तर ते यंत्र मागू नये. तपासणी समिती आली की आवरण काढायचं आणि ती गेली की पुन्हा घालायचं, अशी यंत्रं पुष्कळ महाविद्यालयांत आहेत; त्यांच्या संख्येत भर घालण्यात कुणाचंच भलं नाही.

मग मागायचं काय? उदाहरण घेऊ. अलिबागच्या आसपास अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या विहिरींवर जगतात, आणि पेण-अलिबागच्या खारेपाटातली भातशेती बांध आणि उघाडी यांच्या भरवशावर. नोव्हेंबर ते मे या काळात कोणत्या विहिरीचं पाणी किती खारं होतं, आणि बांध फुटलेल्या शेताची माती किती पावसाळ्यांनंतर पूर्ववत होते, हे दोन प्रश्न द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुरून उरतील. क्लोराइड मोजायला मोहरचं अनुमापन पुरतं. त्याला ब्युरेट, सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेट लागतं. ब्युरेट प्रत्येक प्रयोगशाळेत असतातच. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, म्हणून वर्षाला किती नमुने, एका नमुन्याला किती मिलिलिटर, तीनदा मोजलं तर किती, हा गुणाकार प्रस्तावात दाखवावा. क्रोमेट विषारी आहे, म्हणून उरलेलं द्रावण सिंकमध्ये न ओतता साठवण्याचा खर्चही दाखवावा. हे एक वाक्य वाचलं तरी परीक्षकाला कळतं, की लिहिणाऱ्याने हा प्रयोग खरोखर केलेला आहे. खाडीच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजायचा, तर नमुना जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो. म्हणजे प्रवासखर्च आला, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आलं, आणि चौदा मुलांची बॅच खाडीवर नेताना सोबत कोण जाणार हेही आलं. वनस्पतिशास्त्राला कांदळवनं आहेत आणि मुरूड-रोह्याच्या हद्दीवरचं फणसाड अभयारण्य आहे. संख्याशास्त्र आणि आयटीच्या मुलांना या सगळ्याच्या नोंदी साठवून त्यांतून अर्थ काढण्याचं काम आहे. तीन-चार विभाग एका प्रश्नाभोवती जमले, की प्रत्येकाने आपापलं यंत्र मागायची ओढाताण आपोआप कमी होते. मदतीला पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र आहे; दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाची. तिथल्या शास्त्रज्ञाचं सहकार्याचं पत्र प्रस्तावाला जोडलेलं असणं हे एखाद्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा जास्त बोलतं.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: आमच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांशी स्पर्धा करायची आहे, विहिरीचं पाणी मोजून त्यांचं काय होणार? आक्षेप करणाऱ्यांची कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. रोहा, महाड, पाताळगंगा, तळोजा इथल्या रासायनिक कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात जे काम चालतं ते हेच: नमुना नीट घेणं, प्रमाण द्रावण तपासून घेणं, तीन वेळा मोजणं, चूक किती असू शकते हे लिहिणं आणि नको असलेला आकडा आला म्हणून तो खोडून न टाकणं. पीसीआर यंत्र दुरून पाहिलेल्या मुलापेक्षा शंभर अनुमापनं जबाबदारीने केलेली मुलगी तिथे उजवी ठरते. संशोधनाकडे वळणाऱ्यांनाही याच शिस्तीचा पाया लागतो.

प्रस्तावात सगळ्यांत कच्चा राहणारा भाग म्हणजे ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’. ‘विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढीस लागेल’ असं लिहून सुटका करून घेतली जाते. पण वाढ झाली हे कळायला आधीची पातळी माहीत असावी लागते, आणि याचा धडा अलिबागच्या वेशीतच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार, हे दिसू लागलं तेव्हा एन. ए. एफ. मूस यांच्या देखरेखीखाली ते काम अलिबागला हलवलं गेलं. मात्र एक बंद करून दुसरं सुरू केलं, असं झालं नाही. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुनी मालिका नवीला जोडता आली आणि ती आजही वापरात आहे. (ही वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे; भौतिकशास्त्राच्या विभागांना याहून जवळचा आणि याहून मातब्बर सहकारी मिळणार नाही.) तुम्हीही तेच करा. अनुदान येण्याआधीच्या वर्षी एका वर्गाला एक साधी, न शिकवलेली समस्या द्या: हे पाण्याचे दोन नमुने, कोणता जास्त खारा हे ठरवण्याची रीत तुम्हीच सुचवा. उत्तरपत्रिका जपून ठेवा. नव्या पद्धतीने शिकलेल्या वर्गाला तशाच धाटणीची समस्या द्या. सोबत आणखी दोन नोंदी ठेवा: दर सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने उपकरण किती तास वापरलं, आणि प्रथम वर्षाला विज्ञान घेतलेल्यांपैकी किती जण तृतीय वर्षापर्यंत टिकले. यापैकी कशालाच खर्च नाही, आणि प्रस्तावात हे आकडे असले की बाकीच्या गठ्ठ्यातून तो वेगळा दिसतो.

आता पैसा कुठे आहे ते पाहू. पदवीच्या विज्ञान शिक्षणासाठी सर्वांत नेमकी योजना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’. ती २००८ पासून चालू आहे, नाव जैवतंत्रज्ञानाचं असलं तरी भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे विभागही तीत येतात, आणि ग्रामीण महाविद्यालयांचा तीत वेगळा विचार केला जातो. उपकरणांबरोबरच रसायनं आणि इतर आवर्ती खर्च ती देते, म्हणून वर सांगितलेला गुणाकार इथे उपयोगी पडतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना सन २००० पासूनची. महाविद्यालयांच्या बाबतीत तिचा कल पदव्युत्तर विभाग असलेल्यांकडे आहे, त्यामुळे केवळ बी.एस्सी. असलेल्या संस्थेने तिथे वेळ घालवू नये. २०१३ च्या ‘रुसा’ची जागा २०२३ मध्ये ‘पीएम-उषा’ने घेतली. २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटींची ही योजना राज्यामार्फत राबवली जाते, महाराष्ट्रात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के, आणि महाविद्यालयांच्या बळकटीकरणासाठी तीत पाच कोटींपर्यंतची तरतूद ठेवलेली आहे. ही मोठी रक्कम इमारत, दुरुस्ती आणि उपकरणं यांसाठी असते. तिचा पुढचा टप्पा जाहीर होईल तेव्हा हात मारायचा, तर संस्थेचे जमिनीचे कागद आजच नीट हवेत. अभियांत्रिकीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेली ‘मेरिट’ योजना आहे: ४,२०० कोटी, त्यांतले निम्मे जागतिक बँकेचं कर्ज, आणि देशभरातल्या २७५ सरकारी व अनुदानित तंत्रशिक्षण संस्था. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थेने तिच्याकडे पाहावं. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना तिथे जागा नाही, त्यांनी एआयसीटीईच्या जुन्या प्रयोगशाळा अद्ययावत करण्याच्या ‘मॉडरॉब्स’ आणि ‘आयडिया लॅब’ या योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. ‘आयडिया लॅब’मध्ये संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागतो, हे संस्थाचालकांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

‘आम्हाला नॅकची श्रेणी नाही, यूजीसीच्या १२(ब) मध्ये नाव नाही, मग हे सगळं आमच्यासाठी नाहीच,’ असं म्हणणाऱ्या लहान महाविद्यालयांचं काय? यूजीसी कायद्याच्या २(फ) आणि १२(ब) कलमांखालची नोंद ही केंद्राच्या मदतीची पूर्वअट असते, आणि ती मिळवण्याचं काम कंटाळवाणं असलं तरी टाळण्याजोगं नाही. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही. संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना मुंबई विद्यापीठ लघुसंशोधन प्रकल्पासाठी अनुदान देतं. रक्कम छोटी, पण मिळालेल्या पैशाचा हिशेब वेळेत दिल्याचा पहिला पुरावा त्यातून तयार होतो. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून ‘नियस’ हा उपक्रम चालवतं, त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना शिबिरं आणि प्रकल्प मिळतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी पाठ्यवृत्ती विद्यार्थ्यांना मिळते तशी शिक्षकांनाही. यातून महाविद्यालयाच्या खात्यात रुपया येत नाही, पण उद्याचा प्रस्ताव लिहिणारा माणूस तयार होतो.

आणि दारात कारखाने आहेत. थळला आरसीएफ, उसरला गेल, डोलवीला जेएसडब्ल्यू, नागोठण्याला रिलायन्स, उरणला ओएनजीसी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे, आणि कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. आपली महाविद्यालयं मात्र तिथे जातात ती बहुधा सभागृह, पेव्हर ब्लॉक किंवा वॉटर कूलर मागायला. नामफलक लावता येईल असंच कंपन्यांना हवं असतं, ही तक्रार खोटी नाही. तरीही नियमांत एका आर्थिक वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालणारा ‘चालू प्रकल्प’ मंजूर करता येतो, आणि दरवर्षी दोनशे विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचा खर्च असा सरळ आकडा दिला तर कंपनीला तिच्या अहवालात तो मांडणं सोपं जातं. संस्थेकडे आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाची नोंद हवी. महाविद्यालय स्वतः नव्हे, तर त्याची मातृसंस्था हे कागद सांभाळते. सचिवांच्या कपाटातली फाइल आधी उघडून पाहा. एका गोष्टीचं भान मात्र ठेवावं लागेल. ज्या कंपनीच्या पैशाने खाडीचं पाणी मोजायचं, तिचंच सांडपाणी त्या खाडीत जात असेल तर निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य करारात लिहून घ्या. ते मिळत नसेल तर त्या पैशातून दुसरा विषय घ्या.

सगळ्यांत वजनदार आक्षेप रिक्त जागांचा आहे. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक दर वर्षी बदलतात, प्रयोगशाळा सहाय्यकाचं पद तर कधीचं गोठलेलं. मग हे तीन वर्षांचे उपक्रम चालवायचे कुणी? याचं समाधानकारक उत्तर अनुदानाकडे नाही. कोणतीही योजना कायम शिक्षकाची जागा भरून काढत नाही, आणि तशी आशा दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पदभरतीचा आग्रह वेगळा आणि सतत धरावाच लागेल. अशा स्थितीत करण्याजोगं एवढंच, की प्रस्ताव आपल्या ताकदीएवढा ठेवावा. दोनच कायम शिक्षक असलेल्या विभागाने एकाच वर्गाचं एकच प्रॅक्टिकल बदलण्याचं वचन द्यावं. समन्वयकाचा तासिकांचा भार कमी करण्याचा व्यवस्थापनाचा लेखी ठराव आधी घ्यावा. नाहीतर जो उत्साही आहे त्याच्याच डोक्यावर नॅक, परीक्षा, एनएसएस आणि आता हे, अशी उतरंड रचली जाते आणि दुसऱ्या वर्षी तो हात टेकतो. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, आम्हाला बदलता येत नाही, हा आक्षेप मात्र आता पूर्वीइतका टिकत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि लोकसहभागाचा उपक्रम यांना श्रेयांक आहेत, आणि ते तास कसे भरायचे या विवंचनेत बहुतेक महाविद्यालयं आहेत. विहिरींचा प्रश्न तिथे बसतो.

हिशेबाची भीती अनाठायी नाही, पण आवाक्यातली आहे. केंद्राच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यात द्यावं लागतं. रकमेवर बँकेत जमलेलं व्याज तुमचं नसतं, ते परत करायचं असतं. खरेदी बहुधा ‘जेम’ पोर्टलवरून आणि उपकरण व आवर्ती या दोन शीर्षांची सरमिसळ न करता. पैसा मार्चच्या तोंडावर हाती पडू शकतो, म्हणून तपशीलवार विनिर्देश आणि कोटेशनं आधीच तयार ठेवावीत. सीएला शेवटच्या आठवड्यात न गाठता पहिल्याच दिवशी प्रकल्पाचं वेगळं खातेपान उघडून घ्यावं. राहिला चौथ्या वर्षाचा प्रश्न, जो बहुतेक प्रस्ताव विचारतच नाहीत: योजना संपल्यावर सिल्व्हर नायट्रेटचं बिल कोण देणार? गावकऱ्यांना पैसे घेऊन पाणी तपासून देऊ, असं उत्तर सुचतं, पण तपासणीचे अधिकृत दाखले देणं हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं काम आहे, त्यात पडू नये. प्रयोगशाळा शुल्कातला ठरावीक हिस्सा या एका प्रॅक्टिकलसाठी राखून ठेवण्याचा ठराव महाविद्यालय विकास समितीत आजच करून घ्यावा आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत प्रस्तावाला जोडावी.